जांभळी शीर

कुंडी आली ती नारळ, खण आणि पेढ्यांच्या पुड्यासोबत, ताटात बसून, अगदी रीतसर. ओजस खैरेच्या आत्याने ती हॉलमध्ये सोफ्याशेजारी टेकवली, तिच्या काठाला हळदकुंकू लावलं आणि मग पाणी मागितलं.

"तुमच्याच नर्सरीतली असणार," आत्या म्हणाली. "लेक माहेरी आली म्हणायचं."

उज्ज्वला हसली. असणार कशाला, होतीच. झाडाला आधार म्हणून खोचलेल्या काठीवर दोऱ्याची गाठ होती आणि ती उलट्या पिळाची होती. उज्ज्वला डावखुरी. पवना धरणाच्या वरच्या अंगाला, घरामागच्या चढावर तिची दोन काचघरं होती, तिथे बायका कामाला होत्या, पण तशी गाठ त्यांच्यातल्या एकीलाही कधी जमली नव्हती.

"महिनाभर राहू दे. अक्षय्य तृतीयेला आम्ही न्यायला येतो," आत्या म्हणाली. "ते आपलं रीत म्हणून हो. ईश्वरी आम्हाला पसंतच आहे."

उज्ज्वलाने मान डोलावली, पण मनात पाल चुकचुकली. आजवर किती कुंड्या तिने लोकांच्या घरी पाठवल्या असतील त्याला गणती नाही. स्वतःच्या घरात मात्र एकही ठेवली नव्हती. आत्या गेल्यावर तिने पदराला गाठ मारली. रोज सकाळी अर्धा पेला पाणी, जास्त नाही. विसरू नये म्हणून पदराला गाठ मारायची सवय तिला आईकडून लागली होती, आणि ईश्वरी त्यावरून तिला चिडवायची, की आई, फोनमध्ये अलार्म असतो गं.

आता ही कुंडीची रीत कुठून आली ते सांगायला हवं, कारण ती काही आजेपणज्यांच्या काळची नाही.

क्रोटन हे तसं भोळं झाड. बंगल्याच्या फाटकापाशी, दवाखान्याच्या व्हरांड्यात पिवळी-लाल-शेंदरी पानं मिरवत उभं असायचं. ऊन मिळालं की रंग खुलतो, सावलीत ठेवलं की नवी पानं हिरवीच येतात, जागा बदलली की रुसून चार पानं टाकतं. यापलीकडे त्याचं काही मागणं नसे. मग एका प्रयोगशाळेतल्या लोकांनी त्याला चहाड्या करायला शिकवलं.

विस्मरणाचा जो आजार मेंदूला आतून पोखरतो, तो सुरू झाला की त्वचेवरच्या तेलकटपणात बारीकसा फरक पडतो. त्यातून एक वास सुटतो. माणसाच्या नाकाला त्याचा पत्ता लागत नाही, पण लक्षणं दिसायच्या कितीतरी वर्षं आधीपासून तो घरभर, कपड्यांत, उशीत भरून राहिलेला असतो. शास्त्रज्ञांनी तो वास ओळखणारं जनुक क्रोटनमध्ये बसवलं आणि ते पानातला रंग तयार करणाऱ्या जनुकाला जोडून दिलं. वास आला की पानाची मधली पिवळी शीर जांभळी होते, कोणी पिकलं जांभूळ चिरडून रेघ ओढावी तशी. क्रोटनच का, तर रंगाचं सगळं सामान त्याच्या पानात मुळातच आहे आणि घराच्या कोपऱ्यात ते वर्षानुवर्षं तगतं. फक्त एक अट होती. जुनं पान बदलत नाही. शिरेचा रंग ठरतो तो पान उमलताना. म्हणून कुंडी घरात ठेवायची आणि नव्या पानाची वाट बघायची.

रक्ताची तपासणी दवाखान्यात होतीच. पण तिथे नाव लागतं, सही लागते, विम्यावाल्यांना कळतं. मुख्य म्हणजे ज्याची तपासणी त्याला विचारावं लागतं. कुंडीला कोणालाच विचारावं लागत नाही.

लोकांनी तिला 'साक्षी' म्हणायला सुरुवात केली. आणि मग आपल्या लोकांनी जे करायचं तेच केलं. या आजाराचा एक प्रकार रक्तातून पुढे उतरतो एवढं कानावर आलं आणि पत्रिकेच्या जोडीला साक्षी आली. मुलाकडची कुंडी मुलीच्या घरी जाते, महिनाभर मुक्काम करते. मुलीकडची मुलाकडेही जायला हवी, पण तिकडे ती दर वेळी कुत्रं पाडतं किंवा झाडू मारताना फुटते.

उज्ज्वलाचा सगळा व्याप या रिवाजावर उभा होता. फांदीची साल खरवडून, ओलं शेवाळ गुंडाळून, गुटी बांधून ती एकेका साक्षीपासून पंचवीस साक्षी करायची. पायघोळ झगा, हातमोजे, टोपी आणि मास्क घातल्याशिवाय काचघरात कोणी पाऊल टाकायचं नाही, झाडांना माणसाचा वास लागता कामा नये, हा नियम तिचाच. घरात साक्षी आणायची नाही हाही तिचाच. "हलवाई कधी आपली मिठाई खातो का?" असं ती हसून म्हणायची. खरं कारण तिचं तिला ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

नवं पान उमललं ते अक्षय्य तृतीया अगदी तोंडावर आलेली असताना. ईश्वरी ऑफिसला गेली होती आणि रघुनाथ, उज्ज्वलाचा नवरा, आंघोळीला. उज्ज्वला अर्धा पेला पाणी घेऊन कुंडीपाशी वाकली आणि पेला तिच्या हातात तसाच राहिला.

शेंड्याला कोवळं पान उलगडत होतं. कडा पिवळी, अंग हिरवं, आणि मधोमध जांभळी शीर.

तिने खिडकीचा पडदा सारला, पान उजेडात धरलं. उन्हामुळे असेल, खत जास्त झालं असेल, कीड असेल. गिऱ्हाईकं फोनवर रडत हेच विचारायची आणि ती त्यांना शांतपणे सांगायची की नाही हो, साक्षी चुकत नाही. आता तेच उत्तर तिला स्वतःला द्यायचं होतं.

या घरात तीन माणसं राहत होती. झाड वास आला एवढंच सांगतं, कोणाचा ते सांगत नाही.

ईश्वरीचं नाव मनात आलं तशी ती सोफ्यावर बसली. पोरगी पंचविशीतली. मागच्याच आठवड्यात ती गाडीची किल्ली फ्रीजवर विसरून घरभर शोधत होती. हल्ली ती बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ बसते, आणि बाहेर येते तेव्हा डोळे लाल असतात. विचारलं तर म्हणते, शांपू गेला. नाही, ईश्वरी नाही. देवा, ईश्वरी नको.

रघुनाथ मग. त्या नावावर मात्र तिचं मन टेकलं, आणि टेकलं की एकेक गोष्ट आपोआप जमत गेली. हा माणूस हल्ली तेच तेच विचारतो. गॅस बंद केलास ना? पाच मिनिटांनी पुन्हा, गॅस बंद केलास ना? सकाळी चहा पिताना सहज विचारल्यासारखं करतो, आज कोणता वार गं? आयुष्यभर कारखान्यात शिफ्टचं वेळापत्रक लावलेला माणूस, त्याला वार आठवत नाही? नर्सरीचे फोन उगाच स्वतःकडे घेतो. काचघरात कधी न फिरकणारा आता झगा चढवून मागच्या काचघरात जातो आणि पाण्याचा डबा घेऊन बाहेर येतो. आणि ते उशांचे अभ्रे. तीन चांगले अभ्रे घरातून नाहीसे झाले. धुवायला हाच टाकतो, म्हणजे यानेच कुठेतरी टाकले असणार. ती रागावली तेव्हा तो तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "राहू दे, नवे आणू." 

रघुनाथ आंघोळ करून आला. टॉवेलने डोकं पुसता पुसता त्याने कुंडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"पान आलं," तो म्हणाला.

"हो."

"चहा घेतेस?"

"अहो, तुम्हाला दिसत नाही का काही?" तिचा आवाज चिरकला.

"दिसतं ना." तो तिच्याशेजारी बसला. त्याचा हात गार होता आणि तो तिच्या हातावर बराच वेळ राहिला. "उज्ज्वला, कुंडी आहे तिथे राहू दे. हलवू नकोस. ऐकशील माझं?"

तिला रडू कोसळलं. बिचाऱ्याला कळलंय, असं तिला वाटलं. स्वतःचं स्वतःला कळलंय आणि तोंडाने बोलवत नाही. पस्तीस वर्षांचा संसार, आणि आता हा माणूस हळूहळू तिच्या डोळ्यांदेखत घरातून निघून जाणार. आधी वार जाणार, मग माणसं, मग ती. ओजसच्या आईने सासूचं हेच दुखणं अकरा वर्षं काढलं होतं, म्हणून तर त्या बाईला साक्षी हवी होती. शेवटी शेवटी सासू तिला चोर म्हणायची, दाराबाहेर उभं करायची. ती बाई मुलासाठी हे पुन्हा कशाला मागून घेईल?

स्वतःचं नाव उज्ज्वलाने अगदी शेवटी घेतलं, आणि घेतलं तसं सोडून दिलं. डोळे मिटून नुसतं पान चाचपलं तरी ती क्रोटनची जात सांगू शकत होती.

अक्षय्य तृतीयेच्या दिवशी खैरे मंडळी दुपारी चहाला येणार होती. उज्ज्वलाने सकाळीच कपाटातली नवी नारायणपेठी घडी मोडून नेसली. दुपारची जेवणं झाली, रघुनाथ जरा लवंडला, ईश्वरी आत तयार होत होती. उज्ज्वलाने मागच्या दाराने पाय काढला.

दोन कामं करायची होती. एक, काचघरातून तशीच एक कोरी साक्षी आणून हॉलमधल्या कुंडीच्या जागी ठेवायची. त्याच मापाची, त्याच उंचीची, काठीवर त्याच हाताची गाठ. खैरेंच्या सात पिढ्यांना कळलं नसतं. तिच्या उभ्या धंद्यात तिने असं कधी केलं नव्हतं, कोणी केलं असं ऐकलं तर त्या माणसाला दारात उभं करत नव्हती. पण पोरीच्या संसारापुढे कसला आलाय धंदा.

दुसरं काम तिच्या स्वतःसाठी. कोणाचा वास, ते तिला कळायलाच हवं होतं. युक्ती तिची तिनेच रात्रभर विचार करून काढली होती. तीन कोऱ्या साक्षी घ्यायच्या, प्रत्येकीवर प्लॅस्टिकची मोठी पिशवी चढवायची आणि आत एकेकाच्या उशीचा वापरलेला अभ्रा ठेवायचा. ज्याच्या अभ्र्यापाशी शीर जांभळी, तो माणूस. खूण म्हणून काठीला दोरा बांधायचा. ईश्वरीला हळदीचा पिवळा, रघुनाथला निळा, तिला स्वतःला पांढरा. अभ्रे आणि दोरे तिने पिशवीत घातले होते.

झगा, मोजे, टोपी, मास्क. मागच्या काचघरात दमट उकाडा होता, आणि साक्षींच्या रांगा पिवळ्याधमक शिरा घेऊन गप्प उभ्या होत्या. लपवायची जागाही तिने मनात ठरवली होती. पाण्याच्या टाकीमागे काचेला लागून एक फळी होती. ऊन भरपूर, पण तिकडे कोणी जात नाही.

ती टाकीला वळसा घालून गेली आणि जागीच थांबली.

फळीवर तीन कुंड्या होत्या. प्रत्येकीवर प्लॅस्टिकची पिशवी. पिशव्यांच्या आत, खोडाभोवती, तिचे हरवलेले तीन अभ्रे होते.

पहिलं तिला वाटलं ते एवढंच, की रघुनाथ. त्याने अभ्रे चोरले आणि तिच्याआधी हीच युक्ती केली. पण काठ्यांवर दोरे होते. एक पिवळा, एक निळा, एक पांढरा. तिने हातातली पिशवी उघडून पाहिली. पिवळा, निळा, पांढरा. रंग तिने काल रात्री ठरवले होते. ते तिने कोणाला सांगितले नव्हते.

ती जवळ गेली. जायची इच्छा नव्हती, पाय आपोआप गेले. पिवळ्या दोऱ्याच्या झाडाची शीर पिवळी. निळ्या दोऱ्याच्या झाडाचीही पिवळी. पांढऱ्या दोऱ्याच्या झाडाला एकावर एक कितीतरी नवी पानं आली होती, आणि खालपासून शेंड्यापर्यंत प्रत्येकाची शीर जांभळी होती. एवढी पानं यायला पावसाळा सरून हिवाळाही जावा लागतो, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

तिने मोजा काढला आणि पांढऱ्या दोऱ्याच्या गाठीवर बोट फिरवलं. पीळ उलटा होता.

"सापडलं?"

मागे ईश्वरी उभी होती. मोरपंखी साडीवर झगा, मास्क हनुवटीवर ओढलेला. ती धावत आली असावी, पण आवाजात घाई नव्हती. तिच्या आवाजात अजिबात आश्चर्य नव्हतं, आणि उज्ज्वलाला सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्याची.

"हे कोणी केलं, ईशू?"

"तू. दसऱ्याच्या आधी. आणि दिवाळीत तूच आम्हाला इथे आणून दाखवलंस. रडली नाहीस. बाबांना म्हणालीस, झाड खोटं बोलत नाही, आता पुढचं बघा."

"मला आठवत नाही."

"माहीत आहे, आई."

"मग बाबांनी मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं ना. किती वेळा सांगितलं. तू त्यांच्यावर ओरडतेस. म्हणतेस, तुमचंच डोकं फिरलंय, तुम्हाला साधा वार आठवत नाही." ईश्वरीने हसायचा प्रयत्न केला. "आमचं तू मानत नाहीस. झाडाचं मानतेस. म्हणून बाबांनी हे जसंच्या तसं ठेवलंय. रोज पाणी घालायला येतात ते इथे."

पाण्याचा डबा. गॅस. वार. उज्ज्वलाने टाकीचा गार पत्रा धरला. इतके दिवस ती ज्याच्यावर पाळत ठेवून होती, तो तिच्यावर ठेवून होता. फरक इतकाच, की त्याचं बरोबर होतं.

"आणि तुझं?" तिने पिवळ्या दोऱ्याकडे बोट केलं. "तुझं पिवळं आहे. तू सुटलीस ना?"

"माझ्या वयात ते पिवळंच असतं. खरं काय ते कळायला मला पन्नाशी गाठावी लागेल."

काचघरात कुठेतरी फवारा सुरू झाला आणि पानांवर बारीक पाणी पडायला लागलं. उज्ज्वला लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. आपण हिला नाक दिलं, डावखुरा हात दिला, आणखी काय काय दिलं असेल? मग ती एकदम सावध झाली. रांगेतली एक कुंडी तिने उचलून छातीशी धरली.

"ते लोक येतीलच इतक्यात. ही ठेवू हॉलमध्ये. गाठ माझीच आहे, कोणाला कळायचं नाही. चल."

"नाही."

"वेडी आहेस का? ती बाई जांभळी शीर बघून पाणीसुद्धा न पिता उठेल."

"उठू दे. ओजसला मी सगळं सांगितलंय. त्याच्या आईला सांगायचं धाडस दोघांनाही झालं नाही, म्हणून मीच म्हटलं, कुंडी पाठवा." ईश्वरीने तिच्या हातातून कुंडी काढून घेतली आणि रांगेत जागच्या जागी ठेवली. "त्यांनी अकरा वर्षं काढलीत, आई. नको म्हणाल्या तर त्यांचं काही चुकत नाही. पण माहीत असून लपवलं, तर माझं चुकेल. कुंडी बदलायची नाही, हे आपलं ठरलंय."

"कधी ठरलं?"

ईश्वरीने मास्क वर ओढला. "तूच म्हणालीस, आई. मी तर तेव्हा बदलू या म्हणत होते."

बाहेरच्या खोलीत त्यांनी झगे उतरवले. खालच्या रस्त्यावर गाडी वळत असल्याचा आवाज येत होता, आणि रघुनाथ अंगणात उभा राहून वर, काचघराकडे बघत होता. उज्ज्वलाला खूप भीती वाटत होती. पुढे काय होणार त्याची होतीच, पण त्याहून मोठी एक होती. ही भीतीसुद्धा आपल्याजवळ राहणार नाही. ती पुसली जाईल, आणि मग पुन्हा कोणत्यातरी सकाळी पेला हातात घेऊन ती कुंडीपाशी वाकेल आणि हे सगळं पहिल्यापासून, पहिल्यांदाच कळेल.

"नाही विसरणार," ती म्हणाली. "कुंडी बदलायची नाही. एवढं मी नाही विसरणार, ईशू. थांब."

"राहू दे गं, आई. चल, आले ते."

"थांब म्हटलं ना. गाठ मारते."

सकाळी घडी मोडून नेसलेल्या नारायणपेठीचा पदर तिने खांद्यावरून पुढे ओढला. ईश्वरीने तोंड फिरवलं.

पदराच्या टोकाला एक गाठ होती, उलट्या पिळाची. उज्ज्वला त्या गाठीकडे बघत राहिली. मग तिने पदराचं दुसरं टोक हातात घेतलं. तिथेही होती.